मडक्यातून दिसलेली बदकं

उदयपूर, १२ नोव्हेंबर १९७२

आबा,

पाया पडतो. तुम्ही पाय मागे घ्याल हे माहीत आहे, तरी पडतो.

हे माझं चौथं पत्र. पहिल्या तिन्हींचं उत्तर आलं नाही. तुम्हाला लिहिता येत नाही, पण शालिग्राम पोस्टमनला येतं, आणि एक कार्ड लिहिल्याने त्यांची बोटं झिजणार नाहीत. शालिग्रामभाऊ, हे वाक्य गाळू नका. पारावर बसून वाचत असाल तर मोठ्याने वाचा, बठ्ठ्यांना ऐकू द्या.

बातमी अशी आहे की मी आता फोटोग्राफर झालो. दलिचंद शेठनी चिठ्ठी देऊन मला त्यांच्या मेव्हण्याकडे धाडलं, तेव्हा सुरुवातीला मी इथे त्यांचा फोटो स्टुडिओ झाडत होतो. आता जर्मन कॅमेरा माझ्या हातात असतो. फुलचंदजी, म्हणजे माझे मालक, बाहेर गेले की दुकान माझ्यावर. चौथी नापास पोराला सगळे 'पितांबरजी' म्हणतात इथे. जी लावतात, आबा.

मुंबईची एक कंपनी कॅलेंडर काढते. त्यांना फोटो हवा आहे, रंगीत बदकं पाण्यावर, आणि इतक्या जवळून की बदकाचं बुबुळ दिसलं पाहिजे. फुलचंदजींनी दोन माणसं पाठवून पाहिली. काठावरून काढलेल्या फोटोत काय येणार? पाणी, आणि पाण्यावर मोहरी सांडल्यासारखे ठिपके. मी म्हटलं, "मी काढतो."

"तू?"

"आमच्या घरी बदकांचाच धंदा आहे."

कसला धंदा ते सांगितलं नाही. त्यांना वाटलं, पाळतो.

म्हणून हे पत्र. मला आठवतं ते असं: आठ-दहा दिवस आधी तुम्ही रिकामी मडकी तळ्यावर सोडून द्यायचात. बदकं आधी लांब राहायची, मग मडक्यांना सरावायची. त्यानंतर एका मोठ्या मडक्याला दोन भोकं पाडून ते डोक्यात घालायचं, गळ्याएवढ्या पाण्यात उतरायचं, आणि हळूहळू त्यांच्यात जाऊन खालून पाय धरून बदक ओढायचं. बाकीच्यांना कळायचंही नाही, एक कुठे गेलं. बरोबर आहे ना? पुढचं मला येत नाही, कारण मी कधी नीट बघितलं नाही. शाळेत पोरं मला 'मडक्याचा' म्हणायची. तुम्हाला 'मडक्या' हे नाव कोणी ठेवलं ते शालिग्रामभाऊंना विचारा, समोरच बसले असतील.

तर एवढं कळवा. मडकी किती सोडायची? अंतर किती ठेवायचं? आणि भोक पाडायचं कसं? कॅमेऱ्याचा डोळा बंद्या रुपयाएवढा आहे. तेवढं भोक पाडताना मी तीन मडकी फोडली. कुंभार आता मला बघून हसतो.

तुम्ही पारावर सांगायचात ना, की हिरव्या डोक्याच्या बदकाने मान वळवली की डोकं जांभळं होतं? आणि शालिग्रामभाऊ म्हणायचे, "मडकामा बसीसन माणूसले बठ्ठं जांभळंच दिसस." सगळे हसायचे. मीही हसायचो. आता मला ते जांभळं पकडायचं आहे.

तुमचा,
पितांबर


उदयपूर, ५ डिसेंबर १९७२

आबा,

पुन्हा पाया पडतो.

उत्तर नाही. ठीक आहे. मीही तुमचाच पोर आहे, मीही लिहीतच राहीन.

गेल्या पत्रात थोडं वाढवून सांगितलं होतं. कॅमेरा हातात असतो तो पुसायला. माझं खरं काम फोटो धुणं आणि लग्नाच्या काळ्या-पांढऱ्या फोटोंत नवरीच्या शालूला रंग भरणं. रंग मी चांगला भरतो, हे खोटं नाही. पण फोटोग्राफर अजून नाही. हा बदकांचा फोटो निघाला तर होईन. फुलचंदजींनी संक्रांतीपर्यंत मुदत दिली आहे. रंगीत रोल एकच आहे, परदेशातून आलेला, आणि धुवायला मुंबईला जातो. रोल वाया गेला तर मी पुन्हा झाडूवर. "झाडू ही बुरी नहीं थी तेरे लिये," असं ते आत्ताच म्हणायला लागलेत.

शहरापासून बारा कोसांवर एक तळं आहे. यंदा इथेही पाऊस कमीच झाला, पण हे तळं खोल आहे, पाणी टिकलंय. बदकं इतकी की मोजता येत नाहीत. मी कुंभाराकडून वीस मडकी घेतली, बैलगाडीत गवत घालून नेली, तळ्यावर सोडली. लालभडक दिसत होती, लग्नाच्या मांडवात ठेवल्यासारखी. बदकं जी पलीकडच्या काठाला गेली ती पाच दिवस तिथेच. आणि तिसऱ्या दिवशी सहा मडकी बुडाली, बाकीची कलंडली. गावची पोरं काठावर बसून बुडणारी मडकी मोजत होती.

काल सकाळी स्टुडिओतली जुनी घागर धुताना लख्ख आठवलं. आखाजीच्या सणाला घराघरात नवी घागर भरायची, आणि जुन्या सगळ्या आपल्या ओट्यावर यायच्या. माय सांगायची ना शेजारणींना, "जुनं मडकं पाणी गार करत नही, हिलालना तळावर धाडा." मी समजायचो, लोक आपल्या घरी कचरा टाकतात. आता कळलं. नवं मडकं पाणी पितं, जड होतं आणि बुडतं. जुन्याची बारीक छिद्रं बुजलेली असतात, ते तरंगतं. शिवाय काळं, शेवाळलेलं असतं, म्हणून बदकाला ते पाण्यातलंच वाटतं. सबंध गावाच्या जुन्या घागरी तुम्ही उगाच गोळा करत नव्हतात. आणि मी, त्या घरात सतरा वर्षं वाढलेला, वीस नवी मडकी विकत घेऊन आलो! बाहेरचा माणूस असा चुकला असता तर ठीक होतं.

आता दारोदार जुनी मडकी मागतो. बाया विचारतात, काय करणार? मी सांगतो, पाण्यात सोडणार. मग त्या एकमेकींकडे बघतात आणि देऊन टाकतात.

आणखी एक सांगायचं आहे. चार वर्षं सांगितलं नाही.

त्या दिवशी तुम्ही पाण्यात होतात. यावलच्या साहेबांना अकरा बदकं द्यायची होती. गावातल्या लग्नाला आलेल्या जळगावच्या फोटोवाल्याचा डबा कॅमेरा मी न विचारता उचलला आणि काठावरच्या झुडपात जाऊन बसलो. बदकं तुमच्या मडक्याला खेटून होती. मला वाटलं, थोडं उंचावरून छान येईल. म्हणून मी उभा राहिलो.

सगळा थवा उठला. त्या हिवाळ्यात परत उतरला नाही, असं मला मागून कळलं.

तुम्ही बाहेर आलात, मडकं काढलंत, अंगावरून पाणी गळत होतं. मला वाटलं, माराल. तुम्ही एवढंच म्हणालात, "तुले पाणी समजत नही." मारलं असतं तर मी राहिलो असतो, आबा. ते वाक्य मला सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी घेऊन धरणगाव स्टेशनावर आलो, नरडाण्यापर्यंत उभ्याने गेलो, आणि सुरत येईपर्यंत मागे बघितलं नाही.

त्या फोटोवाल्याने रोल धुतला आणि त्यातला फोटो दलिचंद शेठकडून मला पाठवला. बदक एकही नाही. नुसतं पाणी, त्यावर उठलेल्या वर्तुळांचा गोंधळ, आणि मधोमध तुमचं मडकं. त्याची दोन भोकं सरळ माझ्याकडे बघताहेत. तो फोटो माझ्या पेटीत आहे.

पितांबर


उदयपूर, २७ डिसेंबर १९७२

आबा,

दलिचंद शेठचा सुभाषचंद मामेबहिणीच्या लग्नाला इथे आला. हातात लाकडी खोकं. मला वाटलं, लग्नाची मिठाई. उघडलं तर कापूस. कापसात हात घातला तर तुमचं मडकं.

मी ओळखलं. मायचा धान्याचा डेरा होता तो, तोंडाचा काठ फोडून तुम्ही डोकं जाईल एवढं केलेलं. आतून तुमच्या तिळाच्या तेलाचा वास अजून येतो.

"काय म्हणाले आबा?" मी विचारलं.

"काय म्हणणार? ओट्यावर खोकं ठेवलं अन् म्हणे, 'हाई त्याले दे. फुटनं ते तुले धरसू.' सुरतेपासून मांडीवर घेऊन बसलो बाबा. अहमदाबादेत एक बाई विचारते, बाळ झोपलंय का!"

"पत्र?"

"पत्र नाही."

"माझी पत्रं वाचतात तरी का?"

"शालिग्राम वाचतो. दोन-दोनदा वाचायला लावतात. अन् ऐकून झालं की म्हणतात, 'शिवरीनं झाड वाढनं, सावली नही.'"

म्हणजे मी नुसता उंच झालो, कोणाच्या कामाचा नाही. 

सुभाषचंदने हेही सांगितलं की आपलं तळं आटलंय, तळाला भेगा पडल्यात, बदकं वरून गेली ती उतरलीच नाहीत, आणि तुम्ही रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाता. तुम्ही कधी कोणाला कळू दिलं नसतं. मला कळलंय, एवढंच लिहितो.

एक तक्रार मात्र आहे. सुभाषचंदने कितीही मांडीवर घेतलं असलं तरी मडकं वाटेत दुखावलं. डावं भोक फुटून मोठं झालंय. उजवं पूर्वीसारखं, बोरीच्या बीएवढं, आणि डावं भलतंच मोठं. सुभाषचंद शपथा घेतोय. बघू, चिकणमातीने लिंपता येतं का.

त्याच दिवशी, दुपारी.

शालिग्रामभाऊ, इथून पुढे जरा हळू वाचा.

आबा, मी लिंपायला बसलो होतो. माती कालवली. मग भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. फुटलेल्या खापराची कड बोटाला लागते. ही लागली नाही. चहुकडून घासलेली, गुळगुळीत. मी फुलचंदजींच्या गल्ल्यातून जुना चांदीचा रुपया मागून आणला आणि भोकाला लावला.

अडकला. ना सैल, ना घट्ट.

देव्हाऱ्यातला मायचा रुपया काढला असेल तुम्ही मापाला. मडकं रात्रभर भिजत ठेवलं असेल, मग खिळ्याने टोचत टोचत, मग दगडाने घासत. म्हणजे आधी भिजवायचं असतं. मी कोरड्यावर ठोकत होतो.

आता तुम्ही त्यातून बदकं धरू शकणार नाही. एवढ्या मोठ्या भोकातून तोंड दिसतं. तुम्हाला हे पाडण्याआधी ठाऊक होतं.

माती फेकून दिली. उद्या तळ्यावर जातो.

पितांबर


उदयपूर, २० जानेवारी १९७३

आबा,

निघाला! रोल मुंबईला गेला आहे, पण मला धुवून बघायची गरज नाही. निघाला.

सगळं सांगतो.

तेवीस जुनी मडकी अकरा दिवस पाण्यावर होती. सातव्या दिवशी एक बदक मडक्याला टेकून झोपलं. तेव्हा मी काठावर बसल्या बसल्या एकटाच नाचलो. बसूनच, उभा राहिलो नाही.

कॅमेरा मी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी मडक्याच्या आत बांधला. डाव्या भोकात कॅमेऱ्याचा डोळा, उजव्यात माझा. बटणाला तार जोडली, ती तोंडात धरली, दातांनी दाबायची. आठ हातांवरचं स्पष्ट येईल असा नेम बांधून ठेवला. अंगाला तेल चोळलं आणि संक्रांतीच्या आदल्या सकाळी पाण्यात शिरलो. पाणी असं की हाडं वाजत होती. पायांनी चिखल चाचपत चाललो. एक पाऊल टाकायचं, मग दहा श्वास थांबायचं. तुम्ही हे रोज करायचात, आबा, आणि घरी येऊन फक्त "थंडी शे" म्हणायचात.

मग ती माझ्याभोवती आली.

काठावरून बदक दिसतं ते बदकच नाही. पाण्याच्या पातळीवरून बघितलं तर ते केवढं उंच असतं! तुम्ही ज्याला शेंद्र्या म्हणायचात तो पहिला आला. डोकं शेंदरासारखं, चोच लाल, आणि डोळाही लाल. मागून चपट्या चोचीचे हिरवे, पांढरी छाती, कुशीला वीट रंग. एकाने माझ्या मडक्यावर चोच मारली. आत केवढा आवाज झाला! मग त्या हिरव्याने मान वळवली.

जांभळं झालं, आबा. हिरव्याचं निळं आणि निळ्याचं जांभळं. तार दातात होती, ती दाबायची विसरलो. दुसऱ्यांदा वळवली तेव्हा दाबली.

रोल संपला तरी मी आतच होतो. बाहेर आलो तो काठावर आठ-दहा माणसं काठ्या घेऊन उभी. त्या गावात तळ्यावरचं पाखरू कोणी मारत नाही. मारणाऱ्याला मारतात.

"कौन है रे? बदक चोर!" पुढचा म्हातारा ओरडला.

मी कुडकुडत होतो, दातात तार. सांगता आलं असतं, स्टुडिओचा माणूस आहे, फुलचंदजींचा आहे. मी म्हटलं, "बाबाजी, मी धरत नाही. माझा बाप धरतो. असाच मडकं घालून. मी नुसता फोटो घेतो."

"नाव काय बापाचं?"

"हिलाल भोई. गावात मडक्या म्हणतात."

चार वर्षांत इथे कोणाला तुमचं नाव सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणायचो, पितांबर खानदेशी. तिथे ओल्या लंगोटावर उभा राहून सांगितलं आणि बरं वाटलं.

मग मी त्यांना दलिचंद शेठकडच्या सज्जनबाई शेठाणीची गोष्ट सांगितली. उपासाच्या दिवशी त्या तुमच्याकडून एक बदक विकत घेऊन सोडायच्या, आणि पुढच्या उपासाला तुम्ही तेच बदक पुन्हा धरून न्यायचात. एकच शेंद्र्या, तीनदा सुटला! शेठाणी म्हणायच्या, "हिलाल, हा मागच्यासारखाच दिसतो रे," आणि तुम्ही म्हणायचात, "भाऊ व्हई त्याना." म्हाताऱ्याची काठी हसून हसून खाली पडली.

त्याने मडकं मागितलं. कॅमेरा सोडवून दिलं. त्याने ते डोक्यात घातलं, काठावरच उकिडवा बसला, आणि बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. बाकीचे लोळत होते हसून. मडक्यातून त्याचा आवाज आला, "तेरा बाप रोज ये देखता है?"

"रोज."

"और फिर भी पकडता है?"

 परत येताना एक आठवलं. यावलच्या साहेबांच्या अकरात तुम्ही शेंद्र्या धरणार नव्हतात. सकाळी मायला म्हणाला होतात, "शेंद्र्याले सोडीसन बाकीना." ते मी ऐकलं होतं आणि विसरलो होतो. म्हाताऱ्याला आता जाऊन सांगायला हवं.

पितांबर


उदयपूर, ४ डिसेंबर १९७३

आबा,

परवा तुमचं कार्ड आलं. अक्षर शालिग्रामभाऊंचं, शब्द तुमचे. "तळं भरलं. बदकं उतरली." खाली अंगठा. पाच वर्षांनी चार शब्द. फुलचंदजींना दाखवलं. ते म्हणाले, बस, इतना ही? मी म्हटलं, आमच्याकडे याला लांबलचक पत्र म्हणतात.

या पत्राबरोबर एक नळकांडं धाडतो आहे. त्यात नव्या वर्षाची दोन कॅलेंडरं आहेत. एक आपल्या घरात लावा, एक दलिचंद शेठच्या दुकानात, तेलाच्या डब्यांच्या वर, उधारीवाले बसतात तिथे. शेठाणींना म्हणावं, शेंद्र्या ओळखा, हा तोच का त्याचा भाऊ.

शालिग्रामभाऊ, तुम्ही आता वाचणं थांबवा आणि कॅलेंडर उलगडा. डावीकडून दुसरा, मान वळवलेला. रंग कोणता? मोठ्याने सांगा. पारावर जे जे बसलेत त्यांना सांगा. रंग मी भरलेला नाही. मी रंग भरतो तो शालूंना. हा बदकाचाच आहे, आणि आबांनी तुम्हाला पंधरा वर्षांपूर्वी सांगितलेला आहे.

आता फोटोखालची बारीक अक्षरं. कंपनीने विचारलं होतं, नाव काय टाकायचं. स्टुडिओचंच जायचं होतं. पण रंग बघून फुलचंदजींनाच राहवलं नाही, म्हणाले, "नाव तुझं टाकू. पितांबर भोई. ठीक?"

"मधलं राहिलं," मी म्हटलं.

"मधलं कशाला? आम्ही लावत नाही. जागा बघ केवढी आहे."

"मग पहिलं गाळा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग अक्षर बारीक करायला लावून तिन्ही बसवली. छाया : पितांबर हिलाल भोई. मधल्या नावावर आबांचं बोट ठेवून द्या, शालिग्रामभाऊ. त्यांना कळू दे कुठे आहे ते.

मी आता खरंच फोटोग्राफर आहे. कॅमेरा पुसायचं काम दुसरा करतो. फुलचंदजींनी एक रंगीत रोल माझ्या हाती दिला आणि विचारलं, कुठे जाणार? मी म्हटलं, घरी.

पौषात येतो. तुमचं मडकं मांडीवर घेऊन येतो, वाटेत कोणी विचारलं तर बाळ झोपलंय म्हणून सांगेन. डावं भोक आता लिंपायचं नाही. तुमच्यासाठी दुसरा एक डेरा भिजत घाला, तुमच्या मापाची दोन भोकं पाडा. धरायचं की नुसतं बघायचं ते तुम्ही ठरवा, तळं तुमचं आहे.

आखाजीची जुनी मडकी ओट्याखाली असतील. आठ दिवस आधी पाण्यावर सोडून ठेवा. आपण दोघं जाऊ. तुम्ही पुढे चला, मी तुमच्यामागे, जिथे थांबाल तिथे थांबेन.

या वेळी मी उभा राहणार नाही.

तुमचा,
पितांबर हिलाल भोई